फुकट जागा, महागडा ‘बिनव्याजी’ हप्ता: खान्देशात खासगी शाळेच्या फीसाठी मिळणाऱ्या मदतीचं परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मुलाला खासगी शाळेत घालायचं आणि फी परवडत नाही, अशा पालकासमोर साधारण पाच-सहा वाटा असतात: आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा, आदिवासी विकास विभागाची नामांकित शाळा योजना, शाळेच्या काउंटरवर मिळणारं हप्त्यांचं कर्ज, पतपेढी किंवा बचत गट, सोनेतारण आणि एखाद्या ट्रस्टकडे केलेला अर्ज. यातल्या प्रत्येकीचं काम कसं चालतं, कुठे अडतं आणि किती पैसे जातात, ते इथे पाहिलं आहे. आमचा कौल आधीच सांगतो. आरटीई सगळ्यांत चांगली, पण ती नशिबापेक्षा कागदांवर जास्त हुकते. शाळेच्या काउंटरवरचा हप्ता सगळ्यांत सोपा आणि बहुतेक वेळा सगळ्यांत वाईट.

त्याआधी एक गोष्ट तपासा. ‘खासगी’ म्हणून ज्या शाळेकडे बोट दाखवता, ती अनुदानित आहे की विनाअनुदानित? अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, धुळे इथल्या जुन्या संस्थांच्या बऱ्याच शाळा अनुदानित आहेत. तिथे पहिली ते आठवीला शिक्षण शुल्क लागत नाही आणि शिक्षकही अनुभवी असतात. नुसता टाय, बूट आणि पिवळी बस पाहून वर्षाला तीस-चाळीस हजारांचं ओझं घेणारे पुष्कळ आहेत. अनुदानित शाळेची सेमी इंग्रजीची तुकडी एकदा बघून या, मग पुढचं वाचा.

आता आरटीई. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेला प्रवेशस्तरावरच्या, म्हणजे ज्या वर्गापासून शाळा सुरू होते तिथल्या, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून यातून सूट आहे, त्यामुळे शहरातल्या काही नावाजलेल्या शाळा यादीत सापडतच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळांना वगळलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. त्या वर्षी निकाल हाती यायला जुलै उजाडला आणि तोवर कित्येकांनी दुसरीकडे फी भरून टाकली होती. म्हणून अंतर आणि शाळांची यादी याबाबत मागच्या वर्षी काय होतं यावर जाऊ नका, त्या वर्षीचं परिपत्रक बघा.

पात्रतेबद्दल सर्वांत मोठा गैरसमज उत्पन्नाचा आहे. एक लाख रुपयांची मर्यादा फक्त आर्थिक दुर्बल गटाला, म्हणजे खुल्या प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याला. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग यांना उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. वडिलांचा किंवा मुलाचा जातीचा दाखला पुरतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली मुलं आणि अनाथ मुलंही वंचित गटात येतात, त्यांनाही उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे ज्या घरात कुणबी किंवा लेवा पाटीदार अशी जुनी नोंद आहे, पण दाखला कधी काढलाच नाही, त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यामागे धावण्याऐवजी आधी जातीच्या दाखल्याचं काम हाती घ्यावं. सीमेवरच्या लोकांसाठी आणखी एक: दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचाच हवा. रावेर, शहादा, शिरपूर, नवापूर या बाजूला बऱ्हाणपूर, सेंधवा, खेतिया किंवा गुजरातेतले दाखले घेऊन येणारे दरवर्षी पडताळणीच्या टेबलावरून परत जातात.

अर्ज मोफत आहे आणि शालेय शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर घरूनही भरता येतो. सेवा केंद्रवाला शे-दोनशे घेतो ते त्याच्या टायपिंगचे, अर्जाचे नव्हेत. पैसे देऊन भरून घेतला तरी समोर बसून भरून घ्या, कारण ‘कन्फर्म’ केलं की दुरुस्ती नाही. एका मुलाचे दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद. आईने एका केंद्रावरून आणि काकाने दुसऱ्या केंद्रावरून हौसेने भरला, असे प्रकार होतात. शाळा दहापर्यंत निवडता येतात.

अर्जात सर्वांत नाजूक जागा नकाशाची. पत्ता टाकल्यावर गुगलच्या नकाशावर लाल फुगा येतो, तो बोटाने ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो. तिथून शाळेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर संगणक काढतो आणि जवळच्याला आधी जागा जाते. पत्त्यात नुसतं गावाचं नाव टाकलं की फुगा गावठाणाच्या मधोमध, नाहीतर थेट तालुक्याच्या ठिकाणी जाऊन बसतो. यावल-रावेरकडे केळीच्या मळ्यात राहणाऱ्याचं घर गावापासून दोन-अडीच किलोमीटर असतं. फुगा गावात राहिला तर अंतर खोटं ठरतं, आणि पडताळणीत घराचा पत्ता आणि नकाशा जुळला नाही तर लागलेला प्रवेश रद्द होतो. उलटी चलाखीही चालते, शाळेच्या शेजारी फुगा ठेवायची. एखादा पालक तक्रार करतो आणि जागा हातची जाते. झूम पूर्ण वाढवून उपग्रहाच्या दृश्यात आपलं छप्पर, विहीर, शेततळं ओळखा आणि मग फुगा सोडा. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवायला हरकत नाही.

कागद कोणते? रहिवासासाठी रेशनकार्ड, आधार, मतदान ओळखपत्र, वीजबिल, घरपट्टी, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक असं काही. पतपेढीचं पासबुक उपयोगाचं नाही. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा आणि अर्ज सुरू होण्याआधीच्या तारखेचा, किमान अकरा महिन्यांचा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार घेऊन येणारे सर्वांत जास्त आपटतात. जळगाव-धुळ्यात मजुरीला आलेल्या कुटुंबांची अडचण इथेच होते, कारण घरमालक नोंदणीला तयार होत नाही. नोंदणीचा खर्च आपण देतो म्हटलं की काही मालक ऐकतात. जन्माचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा. तो नसेल तर दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरमधला उतारा चालतो. पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. विधवा आईला पतीच्या मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेला न्यायालयाचा निकाल लागतो. नुसतं वेगळं राहणं कागदावर चालत नाही.

आणि आता खरी मेख. सगळे दाखले अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतले हवेत. लॉटरी लागल्यावर काढलेला दाखला पडताळणी समिती बाजूला ठेवते. उत्पन्नाच्या दाखल्याला सेवा हमीत पंधरा दिवसांची मुदत आहे, पण त्याआधी तलाठ्याचा अहवाल, सातबारा, आठ-अ, स्वघोषणापत्र हे जमवायला आठवडा जातो, आणि जानेवारीत सेतूवर गर्दी. म्हणून दिवाळीनंतर लगेच, कापूस वेचणीच्या धामधुमीतच का होईना, एक दिवस काढून ही कामं उरकावीत.

सोडत राज्यपातळीवर निघते. मोबाइलवर मेसेज येतो किंवा येत नाही. अर्जात दिलेला नंबर सेवा केंद्रवाल्याचा असेल तर तो त्याच्याकडे पडून राहतो. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत राहा. नंबर लागला तरी आधी शाळेत जायचं नाही. अलॉटमेंट लेटर, हमीपत्र, मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, शहरात असाल तर नेमून दिलेल्या केंद्रावर, पडताळणी करून घ्यायची. मग शाळा. प्रतीक्षा यादीतल्यांच्या फेऱ्या नंतर होतात आणि त्यातही बऱ्याच जागा मिळतात, कारण आधीच्या यादीतले कागदांवर गळालेले असतात. मात्र मिळालेली शाळा नाकारून पुढच्या फेरीत चांगली मिळेल ही आशा सोडा. नाकारलं की बाहेर. तेव्हा जिथे मूल खरोखर पाठवणार नाही ती शाळा दहाच्या यादीत भरू नका.

प्रवेश मिळाल्यावरची कटकट कुठून येते तेही समजून घेतलेलं बरं. शासन शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत परतावा देतं. शाळेची फी त्याहून जास्त असली तरी वरचे पैसे मिळत नाहीत, आणि जे मिळायचे तेही वर्षानुवर्षं रखडतात. मग शाळा ‘ॲक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’, ‘डायरी-आयकार्ड’ अशा नावांनी पालकाकडून वसूल करू पाहते. शिक्षण शुल्क मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणावं. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही आणि मागणीही थंडावते. नाही थंडावली तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी, त्यावर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. गणवेश आणि वह्या-पुस्तकांवरून सर्वांत जास्त वाद होतात. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे फी भरून शिकणाऱ्यांनाही लागू आहे. व्हॅनचं भाडं मात्र तुमच्याच डोक्यावर. गाव आठ-दहा किलोमीटर लांब असेल तर वर्षाचं व्हॅनभाडंच एखाद्या छोट्या शाळेच्या फीइतकं होतं. ‘फुकट’ हा शब्द वापरण्याआधी तो हिशेब करा.

सेवा म्हणून आरटीईला पाचपैकी साडेतीन. एक गुण तारखा दरवर्षी सरकतात म्हणून कापला, अर्धा परताव्याच्या दिरंगाईमुळे मुलांना वर्गात जे ऐकावं लागतं त्याबद्दल.

आदिवासी कुटुंबांसाठी वेगळी वाट आहे: इंग्रजी माध्यमाच्या नामांकित निवासी शाळांची योजना. अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे. आई-वडील सरकारी नोकरीत नसावेत, उत्पन्नाची मर्यादा असते, आणि फी, राहणं, जेवण हे शासन थेट शाळेला देतं. पैशाच्या दृष्टीने हिच्या तोडीची दुसरी योजना नाही. पण सहा वर्षांचं लेकरू अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरून उचलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात जातं, याचा विचार संमतीपत्रावर अंगठा देण्याआधी करायचा असतो. शाळा कोणती मिळणार, तिथे त्याच भागातली आणखी मुलं आहेत का, स्वयंपाकघर आणि रात्रीची अधीक्षिका कोण, सुट्टीत आणण्या-नेण्याचं भाडं कोण देणार, हे प्रकल्प कार्यालयात विचारा. दर्जा घसरला म्हणून एखादी शाळा यादीतून निघाली तर मुलं दुसऱ्या नामांकित शाळेत हलवली जातात, म्हणजे पुन्हा नवं गाव. धनगर समाजातल्या मुलांसाठीही याच धर्तीची योजना आहे.

आता काउंटरवरचा हप्ता. एप्रिल-मेमध्ये शाळेच्या ऑफिसात टेबल टाकून एक मुलगा बसलेला असतो, ‘झीरो कॉस्ट ईएमआय, फक्त आधार-पॅन द्या’ म्हणतो. दहा मिनिटांत काम होतं, हे खरं. पण ही शाळेची सवलत नाही, हे एका वित्त कंपनीचं कर्ज आहे. कंपनी शाळेला पूर्ण वर्षाची फी एकदम देते, थोडी कापून, आणि तुमच्याकडून महिन्याला वसूल करते. समजा फी ३६,००० आहे आणि महिना ३,००० चे बारा हप्ते. व्याज शून्य दिसतं. पण प्रक्रिया शुल्क २ टक्के, म्हणजे ७२०, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे साधारण ८५०. आणि हीच फी एकरकमी भरणाऱ्याला शाळा ५ टक्के सूट देत असेल, तर रोख किंमत ३४,२०० होती. म्हणजे तुम्ही २,६५० रुपये जास्त मोजले. दरमहा पैसे परत जात असतात हे धरलं, तर हा दर वर्षाला १४ टक्क्यांच्या पुढे जातो. पहिला हप्ता त्याच दिवशी कापला तर आणखी वर. म्हणून पहिला प्रश्न शाळेला विचारायचा: एकदम भरले तर किती सोडता? तो आकडा कळल्याशिवाय ‘बिनव्याजी’ला काही अर्थ नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाआधी मुख्य माहितीचं एक पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर टक्क्यांत लिहिलेला असतो. ते मोबाइलवर पीडीएफमध्ये येतं आणि कोणी उघडत नाही. उघडा. त्यात तीन गोष्टी पाहा: वार्षिक दर, हप्ता चुकल्याचा दंड, आणि कर्ज रद्द करण्याची मुदत. हप्त्याची तारीख ५ असेल आणि पगार किंवा दूधसंघाचं बिल १० तारखेला जमा होत असेल तर तारीख आधीच बदलून घ्या. हप्ता परत गेला की बँक वेगळा दंड लावते, कंपनी वेगळा, वर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. तीन-चारशेच्या दंडापेक्षा तो डाग महाग, कारण पुढे ट्रॅक्टर किंवा घराचं कर्ज मागायला जाल तेव्हा तो समोर येतो. आणि मूल सहामाहीनंतर शाळेतून काढलं तरी कर्ज थांबत नाही. पैसे शाळेकडून परत मिळवायचे ते तुम्ही.

पतपेढीत विचारायचा प्रश्न एकच, व्याज सरळ की घटत्या शिलकेवर. ३६,००० वर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज म्हणजे ४,३२०. तेच घटत्या शिलकेवर सुमारे २,३८० होतं. पाटीवर दोन्हीकडे १२च लिहिलेलं असतं. शिवाय भाग, ठेव, विमा असं कापून हातात ३६ ऐवजी ३३-३४ हजार येतात आणि दोन जामीनदार लागतात ते वेगळं. महिला बचत गटाचं शेकडा दोन ऐकायला जड वाटतं, वर्षाला २४ टक्के होतात. पण दरमहा ३,००० मुद्दल फेडत गेलं तर वर्षाचं एकूण व्याज ४,६८० आणि ते गटातच राहतं, वर्षाअखेर वाटप झालं की आपला वाटा परत येतो. अडीनडीला हप्ता एक महिना पुढे ढकलायला गटातल्या बाया समजून घेतात, कंपनीचं ॲप घेत नाही. घरात दागिना असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण यापेक्षा स्वस्त पडतं. घडणावळ आणि खडे वजा करून निव्वळ सोन्यावर रक्कम मिळते, आणि मुदतीत व्याज भरलं नाही तर लिलावाची नोटीस येते, एवढं ध्यानात ठेवायचं. बँकांची शैक्षणिक कर्जं बहुतेक उच्च शिक्षणासाठीच असतात. शाळेसाठी बँक ऑफ बडोदाची ‘बडोदा विद्या’ नर्सरी ते बारावीला आहे, पण नोकरदाराला ती सोपी, शेतकऱ्याला आणि रोजंदारीवाल्याला उत्पन्नाच्या पुराव्यापाशी अडते.

कर्जाआधी करायची एक गोष्ट फारच कमी पालक करतात: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन फीच्या तारखा बदलून मागणं. जूनमध्ये पेरणी, बियाणं, खत यांनी हात रिकामा असतो. कापसाचे पैसे नोव्हेंबर ते जानेवारीत येतात. ‘जूनमध्ये चौथा हिस्सा, बाकी डिसेंबर आणि फेब्रुवारीत’ असा स्पष्ट तक्ता आणि पुढच्या तारखांचे धनादेश दिले तर गावाकडच्या बऱ्याच शाळा मानतात, कारण त्यांनाही पट टिकवायचा असतो. फी किती घेता येते यावर २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फी मंजूर व्हावी लागते आणि ती दोन वर्षांसाठी असते. देणगी घेणं बेकायदा आहे. आणि फी थकली म्हणून दाखला अडवला, तरी आठवीपर्यंत दुसऱ्या शाळेला दाखल्याविना प्रवेश नाकारता येत नाही.

छोट्या मदतीही जोडत गेलं तर व्हॅनचं भाडं निघतं. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मंडळाकडून पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० मिळतात, ७५ टक्के हजेरीवर. नोंदणी जिवंत नसेल तर अर्ज बाद. वडील गेलेल्या किंवा एकल पालकाच्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० मिळू शकतात, म्हणजे वर्षाला २७,०००, जे कित्येक शाळांच्या फीइतके आहेत. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे. ट्रस्टकडे अर्ज करायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, एका पानात. शाळेच्या लेटरहेडवरचा फीचा तक्ता, बोनाफाईड, मागची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला जोडा आणि चेक शाळेच्या नावाने मागा. ‘काहीतरी मदत व्हावी’ असं लिहू नका, ‘१८,००० पैकी १०,००० आम्ही भरतो, ८,००० हवेत’ असं लिहा. मोघम अर्ज ढिगातच राहतात.

नववीचा मुद्दा शेवटी, कारण पालकही तो शेवटीच बघतात. आरटीईची सवलत आठवीला संपते. नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीची पावती हातात येते, आणि तोवर दुसरी कुठली मोठी शिष्यवृत्तीही जवळ नसते. आठवीतली एनएमएमएस (केंद्राची आर्थिक दुर्बलांसाठीची शिष्यवृत्ती) परीक्षा, जिची शिष्यवृत्ती नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० आहे, ती विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला देताच येत नाही. आठवीला अनुदानित शाळेत शिकत असलेलं मूल ती देऊ शकतं. पाचवीतल्या मुलाला नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा देता येते, जळगाव जिल्ह्याचं नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे. आरटीईतूनच आठवी पार करायची असेल तर दोन वर्षं आधीपासून आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) लावा, किंवा नववीला अनुदानित शाळेच्या सेमी इंग्रजी तुकडीत जागा आहे का ते आठवीच्या फेब्रुवारीतच जाऊन विचारा. जूनपर्यंत त्या तुकड्या भरलेल्या असतात.